बॅरिएट्रिक सर्जरी (वजन कमी करण्याचं ऑपरेशन) मुंबईत करावी की नाशिकला? आणि नंतर कळवणला कोण बघणार?

कळवणकर_भाऊ

नमस्कार. माझ्या मोठ्या बहिणीसाठी विचारतोय. वय ३६, उंची पाच फूट, वजन ८८ किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) ३८ च्या आसपास. सासर नाशिक जिल्ह्यातल्या कळवण तालुक्यात. शेती, दोन म्हशी, मुलगी सातवीत. शुगर बऱ्याच वर्षांपासून आहे. ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिनची गोळी आणि वर डॅपाग्लिफ्लोझिन चालू असूनही एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) ९.१ आलं. रात्री घोरता घोरता तिचा श्वास थांबतो, दाजी घाबरून उठवतात. डाएट झालं, चालणं झालं, लोकांनी सांगितलेले काढेही झाले. आता नाशिकच्या फिजिशियननी स्पष्ट सांगितलं, की ऑपरेशनचा विचार करा.

आम्ही दोन ठिकाणी दाखवलं. मुंबईच्या हॉस्पिटलने भली मोठी यादी हातात दिली: एंडोस्कोपी, पोटाची सोनोग्राफी, टूडी इको, झोपेची तपासणी, थायरॉइड, बी-१२, डी, लोह. शिवाय आहारतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ आणि ऑपरेशनच्या आधी दोन आठवडे कमी कॅलरीचा आहार. हे सगळं झाल्यावरच तारीख. नाशिकमधल्या एका हॉस्पिटलात मात्र सांगितलं, की रक्त, ईसीजी आणि छातीचा फोटो करून या, सोमवारी ॲडमिट, दोन-तीन दिवसांत घरी. ऑपरेशन दोन्हीकडे तेच, दुर्बिणीतून. शरीरही तेच. मग तयारीत एवढा फरक कसा? मुंबईवाले उगाच तपासण्या वाढवतायत, की नाशिकवाले घाई करतायत?

दुसरी काळजी नंतरची. मुंबईवाले म्हणतात फॉलोअप व्हिडिओ कॉलवर करू. ताईच्या गावात रेंज टेकडीवर गेल्यावर मिळते. नाशिक गाठायचं तरी वणी-दिंडोरीमार्गे दोन तास मोडतात. रात्री-बेरात्री काही झालं तर पहिला डॉक्टर गावातलाच. ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा.

सिन्नरची_बाई

भाऊ, माझा बायपास (हृदयाचा नव्हे, जठराचा छोटा कप्पा करून तो थेट पुढच्या आतड्याला जोडतात तो) २०१९ मध्ये मुंबईत झाला. मी सिन्नरजवळ जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तुमचा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा मोठा आहे, म्हणून आधी त्याबद्दलच लिहिते.

ऑपरेशन उत्तम झालं. सर्जन हुशार, नर्स मायाळू, तक्रारीला जागा नाही. पण घरी आल्यावर महिन्याभरात मला उलट्या सुरू झाल्या. घोटभर पाणी प्यायलं तरी बाहेर. मुंबईच्या कोऑर्डिनेटरला फोन केला तर तिने नोकरी सोडलेली, नवा नंबर कोणी कळवला नव्हता. शेवटी इथल्याच एका दवाखान्यात नेलं. त्यांनी अशक्तपणा बघून ग्लुकोजची सलाईन लावली, पुन्हा दुसऱ्या दिवशी लावली. मग मला समोरची माणसं दोन-दोन दिसायला लागली. पलंगावरून उतरले की पाय लटपटायचे, भिंत धरून मोरीपर्यंत जायचे. घरच्यांना वाटलं खाल्लं नाही म्हणून चक्कर येते. माझी मावसबहीण नाशिकला आयसीयूत सिस्टर आहे, तिने ऐकताक्षणी सांगितलं, गाडी काढा. नाशिकला पोचल्यावर थायमिनची इंजेक्शनं शिरेतून सुरू झाली. डोळे काही दिवसांत सुधारले, पायांच्या मुंग्या मात्र बराच काळ राहिल्या.

थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्व. शरीरात त्याचा साठा दोन-तीन आठवडेच पुरतो. पोट लहान झालेलं, त्यात उलट्या, म्हणजे साठा संपणारच. अशा माणसाला नुसतं ग्लुकोज दिलं तर उरलंसुरलं थायमिनही ते ग्लुकोज वापरण्यात खर्ची पडतं आणि मेंदूला इजा होते. म्हणून थायमिन आधी किंवा निदान बरोबर, नुसतं ग्लुकोज नाही. गावातल्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. उलटी झालेल्या पेशंटला सलाईन लावणं हे त्यांचं रोजचं काम, माझं पोट आतून बदललंय हे त्यांना कागदावर कोणी दिलंच नव्हतं.

म्हणून माझं म्हणणं असं, की हॉस्पिटल ठरवण्याच्या आधी ताईच्या कळवणच्या डॉक्टरांना भेटा. "ऑपरेशननंतर रक्ततपासणी, बी-१२ चं इंजेक्शन आणि अडीअडचण तुम्ही बघाल का?" असं सरळ विचारा. ते हो म्हणाले की सर्जनला सांगा, यांच्याशी एकदा फोनवर बोला. जो सर्जन तिथल्या तिथे फोन लावेल त्याच्याकडे करा, मग तो मुंबईचा असो की नाशिकच्या गंगापूर रोडचा.

आता तयारीतला फरक. मुंबई चांगली आणि नाशिक वाईट असं अजिबात नाही. नाशिकमध्येही आहारतज्ज्ञापासून भूलतज्ज्ञापर्यंत पूर्ण टीम ठेवून काम करणारे आहेत, आणि मुंबईतही पॅकेज विकणारे आहेत. फरक शहराचा कमी, त्या टीमचा जास्त. कुठे सर्जन एकटाच असतो, महिन्याकाठी मोजक्या केसेस होतात, मग आहारतज्ज्ञ फोनवर आणि मानसोपचारतज्ज्ञ नाहीच. पण तुम्हाला मिळालेली ती लांब यादी उगाच नाही. दोन आठवड्यांच्या आहाराने यकृतातली चरबी उतरते आणि ते आकसतं, त्यामुळे दुर्बिणीतून जठरापर्यंत पोचणं सोपं जातं. ताईचा श्वास झोपेत थांबतो, तर झोपेची तपासणी टाळूच नका. गरज निघाली तर मास्कचं मशीन आधीपासून वापरायला लागतं आणि ऑपरेशनला बरोबर न्यावं लागतं. भूल देणाऱ्याला हे माहीत असणं किती महत्त्वाचं, विचार करा. एंडोस्कोपीत आत अल्सर आहे का, ॲसिड किती वर चढतं हे दिसतं. जळजळ फार असेल तर बरेच सर्जन स्लीव्हऐवजी (त्यात जठराचा मोठा भाग कापून काढतात) बायपास सुचवतात, कारण स्लीव्हनंतर ती वाढू शकते. "सोमवारी या" म्हणणाऱ्यांना विचारा, स्लीव्ह की बायपास हे तुम्ही कशावरून ठरवलं.

विम्याचं थोडक्यात. आपल्याकडे सर्जन आशियाई लोकांसाठी ३७.५, किंवा शुगर वगैरे असेल तर ३२.५ बीएमआय धरत आले. विमा नियामकाच्या ठरलेल्या शब्दांत मात्र ४० लागतो, किंवा ३५ आणि सोबत आटोक्यात नसलेली टाइप २ शुगर, झोपेत श्वास थांबण्याचा तीव्र आजार, हृदयविकार असं काही. ताई दुसऱ्यात बसते, पण कागद हवेत: एचबीएवनसीचे जुने रिपोर्ट, झोपेच्या तपासणीचा रिपोर्ट, आहार-व्यायाम करूनही वजन उतरलं नाही याची डॉक्टरांची नोंद. पॉलिसीचा प्रतीक्षा कालावधीही बघून घ्या.

आणि मुंबईत केलंत तर डिस्चार्ज मिळाला की लगेच गाडीत घालून आणू नका. पोटातल्या टाक्यांतून गळती झालीच तर बहुतेक वेळा सुरुवातीच्या दिवसांतच कळते. नातेवाइकांकडे ठाण्या-कल्याणला आठ-दहा दिवस राहा. येताना कसाऱ्याला आणि इगतपुरीला उतरून तिला चालवा, पायात गुठळी होऊ नये म्हणून.

पेठचा_दवाखाना

मी आदिवासी भागात जनरल प्रॅक्टिस करतो. सिन्नरच्या बाईंनी लिहिलं ते अगदी खरं आहे, आणि आमच्या बाजूने काय हवं असतं ते सांगतो.

माझ्याकडे पेशंट येतो तेव्हा त्याच्या हातात डिस्चार्ज कार्डची पुसट झेरॉक्स असते, त्यावर इंग्रजीत ऑपरेशनचं नाव आणि भरपूर गोळ्या. मला हवं असतं एकाच पानावर, मोठ्या अक्षरात: कोणतं ऑपरेशन, कधी, सर्जनचा स्वतःचा मोबाईल. खाली या गोष्टी लिहून घ्या.

डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, ॲस्पिरिनसारखी वेदनाशामकं देऊ नयेत, विशेषतः बायपासनंतर, कारण जोडाच्या जागी अल्सर होतो. आमच्याकडे पाठदुखीला पहिलं इंजेक्शन डायक्लोफेनॅकचंच जातं, म्हणून हे ठळक लिहा. साध्या दुखण्याला पॅरासिटामॉल.

उलट्या असतील तर सलाईनच्या आधी थायमिन.

नाडी १२० च्या वर, ताप, खांद्यात किंवा पोटात दुखणं, धाप: पहिल्या काही आठवड्यांत यातलं काहीही असेल तर ॲसिडिटीचं इंजेक्शन देऊन घरी पाठवायचं नाही, सर्जनला फोन आणि थेट नाशिक. या काळात नाकातून नळीही अंदाजाने घालायची नाही.

बायपासनंतर वर्ष-दोन वर्षांनी अचानक पोटात कळा आल्या आणि सोनोग्राफी नॉर्मल आली, तरी निश्चिंत होऊ नये. आतड्याचं वेटोळं ऑपरेशनमुळे आत राहिलेल्या फटीत अडकलेलं असू शकतं. सीटी स्कॅन होईल तिथेच पाठवायचं.

आता तुमच्या ताईच्या गोळ्या. ग्लिमेपिराइड चालू ठेवून दोन आठवड्यांचा कमी कॅलरीचा आहार सुरू केला तर शुगर एकदम खाली जाईल. डॅपाग्लिफ्लोझिन ऑपरेशनच्या निदान तीन दिवस आधी बंद करावं लागतं, नाहीतर शुगर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात किटोन नावाची आम्लं साचून पेशंट गंभीर होतो. काय, कधी, किती कमी करायचं हे फिजिशियनकडून आहार सुरू करण्याआधी लिहून घ्या, स्वतः काही बंद करू नका. ऑपरेशननंतर शुगर वजनाच्याही आधी उतरायला लागते. घरी ग्लुकोमीटर ठेवा आणि दाजींना तो वापरायला शिकवा.

लेस्टरहून_नाशिककर

माझं माहेर पंचवटीत, आता इंग्लंडमध्ये. इथे सरकारी व्यवस्थेत हे ऑपरेशन मोफत होतं, तरी कुठे राहता यावर बरंच ठरतं. ऑपरेशनच्या आधी वजनाच्या खास क्लिनिकमधून जावं लागतं. काही भागांत ते क्लिनिक नीट चालतं, काही भागांत नाहीच, तर काही ठिकाणी त्याची यादी इतकी लांब की माणूस वाट बघून थकतो. किती महिने काढायचे हेही स्थानिक मंडळागणिक बदलतं. इथले लोक याला उघडपणे पिनकोडची लॉटरी म्हणतात. थकून कितीतरी जण तुर्कस्तानला जाऊन ऑपरेशन करून येतात आणि परतल्यावर त्यांची अवस्था तुमच्या ताईच्या गावासारखीच होते: कागद परक्या भाषेत, सर्जन विमानाच्या अंतरावर, आणि गल्लीतला डॉक्टर म्हणतो मला यातलं काही माहीत नाही.

एक गोष्ट मात्र इथल्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनेत स्पष्ट लिहिलेली आहे. पहिली निदान दोन वर्षं ऑपरेशन करणाऱ्या टीमनेच फॉलोअप करायचा, त्यानंतर आयुष्यभर वर्षातून एकदा तरी तपासणी, आणि ती नेहमीच्या डॉक्टरांसोबत वाटून घ्यायची. प्रत्यक्षात सगळीकडे होतं असं नाही, पण निदान मागता येतं. तुम्हीही पॅकेज ठरवताना "दोन वर्षांचा फॉलोअप, यात कोण, कधी, किती वेळा" हे लेखी मागा. मुंबईचे लोक देतात लिहून, मागितलं तर.

आहार_नाशिकरोड

मी आहारतज्ज्ञ आहे. लांबच्या तालुक्यांतले पेशंट फॉलोअपमधून हळूहळू गळतात, हे रोज बघते. रक्ततपासणीसाठी मुंबईला जायची गरज नसते. आता तालुक्याच्या ठिकाणीही लॅबवाले सॅम्पल घेऊन नाशिकला पाठवतात. पहिल्या वर्षी तीन, सहा आणि बारा महिन्यांनी, मग दरवर्षी: हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२, डी, कॅल्शियम, पॅराथायरॉइड, अल्ब्युमिन, लिव्हर, किडनी. रिपोर्ट सर्जनला पाठवा. ताई शाकाहारी असेल तर बी-१२ आणि डी आधीच कमी असण्याची शक्यता खूप. ते ऑपरेशनच्या आधी भरून काढा, नंतर भरणं अवघड जातं.

इंटरनेटवरचे आहारतक्ते सूप, ग्रीक योगर्ट आणि टूनावर चालतात. कळवणच्या घरात काय आहे ते बघू या. पातळ आहाराच्या दिवसांत गाळलेलं वरणाचं पाणी, ताक, साय काढलेल्या दुधात प्रोटीन पावडर. मग मिक्सरमधून काढलेलं मुगाचं वरण, कुस्करलेलं पनीर. मऊ आहार सुरू झाला की पातळ पिठलं, मऊ मटकीची उसळ, खात असेल तर अंडं. दोन म्हशी घरात आहेत म्हणजे पनीर आणि दही घरचंच. दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रोटीन लागतं आणि आधी प्रोटीन, मग भाकरी. कोरडी भाकरी, पोळी, मोकळा भात सुरुवातीला अडकतात. भाकरी आमटीत कुस्करून, मुरू देऊन, चमच्याने खायची. जेवताना पाणी नाही, नंतरही अर्धा तास नाही.

मापाला सिरपच्या बाटलीबरोबर येणारं प्लास्टिकचं झाकण वापरा. घरातली सगळ्यात लहान वाटीसुद्धा पहिल्या दिवसांत मोठी ठरते.

बायपास झाला असेल तर आमरस, उसाचा रस, जिलबी यांनी छातीत धडधड, घाम, जुलाब होतात. लग्नसराईत लोक आग्रह करतात, तिथे घरच्यांनी पुढे होऊन थांबवायला हवं. उपास करायचाच असेल तर साबुदाणा नाही, दूध, ताक, पनीर. लोहाच्या गोळीत आणि कॅल्शियममध्ये दोन तासांचं अंतर, आणि लोहाची गोळी चहाबरोबर नाही.

कळवणकर_भाऊ

सगळ्यांचे मनापासून आभार. काल कळवणच्या डॉक्टरांना भेटलो. ते म्हणाले, मी आजवर असा पेशंट सांभाळलेला नाही, पण सर्जन बोलले तर नक्की बघेन. मुंबईच्या सर्जननी "कोऑर्डिनेटर बोलेल" सांगितलं. नाशिकमध्ये तिसऱ्या एका ठिकाणी दाखवलं, तिथल्या डॉक्टरांनी माझ्यासमोर फोन लावून कळवणच्या डॉक्टरांशी बराच वेळ चर्चा केली. झोपेची तपासणी आणि एंडोस्कोपीही सांगितली. त्यामुळे मन तिकडे आहे.

दोन गोष्टी राहिल्या. ताईला अजून एक मूल हवंय. आणि सासूबाईंना वाटतं ऑपरेशन झालं की ही कायमची नाजूक होणार, म्हशींचं कोण बघणार. ताई त्यांच्यासमोर काही बोलत नाही, पण फोनवर रडते.

सिन्नरची_बाई

ज्यांनी तुमच्यासमोर फोन लावला त्यांच्याकडेच करा.

मुलाचं: ऑपरेशननंतर निदान बारा ते अठरा महिने दिवस जाऊ द्यायचे नाहीत, वजन झपाट्याने उतरत असताना बाळाला पोषण पुरत नाही. बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबता येत नाही, म्हणून कॉपर टी किंवा दुसरा उपाय स्त्रीरोगतज्ज्ञांशी आधीच ठरवा. पाळी आधी अनियमित असेल तर वजन उतरल्यावर ती सुरळीत होते आणि दिवस पटकन राहतात, घरात हे कोणाच्या लक्षात येत नाही. नंतर मूल होण्यात अडचण नाही, फक्त तेव्हा रक्ततपासण्या जास्त वेळा कराव्या लागतील.

म्हशींचं: चालणं पहिल्या दिवसापासून. जड उचलणं, म्हणजे पाण्याच्या घागरी, वैरणीचे भारे, चार ते सहा आठवडे बंद. तेवढ्या काळासाठी धारा काढायला आणि वैरणीला माणूस आत्ताच बघून ठेवा. नंतर ती सगळं करू शकेल. मी शाळेच्या सहलीत मुलांबरोबर गडाच्या पायऱ्या चढते. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस खूप गळतील, तेव्हा सासूबाईच काय, ताईही घाबरेल. प्रोटीन आणि लोह नीट असेल तर परत येतात, हे दोघींना आधीच सांगा.

आणि सासूबाईंना आहारतज्ज्ञाच्या पहिल्या भेटीला बरोबर न्या. चूल त्यांच्या हातात आहे. सुनेला किती वाढायचं हे डॉक्टरांच्या तोंडून त्यांनी ऐकलं तर ताईला रोज भांडावं लागणार नाही. नाशिकला येणार त्या दिवशी मला इथे निरोप टाका. सिन्नरहून अर्ध्या-पाऊण तासाचं अंतर आहे, मी येते आणि त्यांच्याशी बोलते. ताईशीही बोलेन, तिला हवं असेल तर एकटीशी.